बत्तीस जीबी

देवगड बंदरात, बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून
माझं साडेसहा फुटांचं दुकान.
मोबाईल रिपेरिंग, कव्हर, कार्ड भरून मिळेल.
दीपगृहाचा दिवा मागे बुडाला की रेंज मरते,
पुढे जे काही ऐकायचं
ते इथूनच न्यायचं, डिझेलसारखं, तांदळासारखं.
म्हणून आधी विचारतो, किती दिवस?

सुटी गाणी देत नाही.
अख्खा अल्बम, लावल्या क्रमाने, नावडतं धरून.
कुणी कुरकुरला तर म्हणतो,
मासो घेतास तेवा काटो काडून मागतास काय?

‘दिर्बाकृपा’चा तांडेल गुंडू तारी
चार वर्षं तीच एक जुनी सनई नेतो.
‘पयल्या दोघांत काय नाय. तिसऱ्याक वारो पडता.’
विंचवरचा याकूब होलसेकर कव्वालीवाला.
एक आहे अठरा मिनिटांची, तेवढ्यात जाळं वर येतं.
कव्वाल रंगात यायच्या आधीच आलं
तर समजायचं, हलकं आहे, म्हावरं नाही.
रात्रपाळीच्या सिस्टर फिलोमिना सॅक्सोफोन नेतात:
‘तीन वाजता वॉर्डात आम्ही दोघंच जागे असतो.’
आणि दशावतारात पेटी धरणारा बाबली मेस्त्री,
त्याला हवं ते निव्वळ मशीनवर बनवलेलं, धडधड धडधड.
‘ह्येच्यात माणूसच नाय रे,
तरी घाम येता!’
शर्वाणी कुबल एका पोराचं मालवणी रॅप घेऊन गेली,
सात गाणी, आईला ऐकवली.
आई एवढंच म्हणाली, गाळी बरोबर जाग्यार इली.

हे सगळं मी वहीत उतरतो.
गायकांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत.
वारा पडणारा. हलक्या जाळ्याचा. तीन वाजताचा. घामाचा.
गुंडूचं याकूबला सांगतो, बाबलीचं सिस्टरना,
‘नेऊन तर बघा, नाय आवडलां तर पैशे परत’,
आणि अजून कुणी परत मागितले नाहीत.

आता खरं सांगायचं तर
यातला एकही मी ऐकलेला नाही.
भिंतीपलीकडे बर्फ फोडायचं मशीन,
पहाटे चार ते रात्री अकरा.
गाणं वाजतंय की नाही
ते मी स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकते त्यावरून ओळखतो.

मागल्या गुरुवारी, पावणेतीनला, मशीनचा पट्टा तुटला.

माझा पंखा कुरकुरतो, हे मला नऊ वर्षांनी कळलं.
धक्क्याला दोर घासत होता.
कुणीतरी लांब, होडीत, बांगडे मोजत होतं, चाळीस, एकेचाळीस.
समोर दोनशे बारा अल्बम
आणि माझा हात माउसवर तसाच.
समजा तिसऱ्याला वारा पडलाच नाही तर?
इतक्या लोकांना इतक्या खात्रीने सांगून बसलो होतो.

तेवढ्यात तेजबहादुर आला, चार्जर घ्यायला.
हा ‘दिर्बाकृपा’वरच जेवण करतो,
आणि नेतो कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी.
एकदा म्हणाला होता, आत आमच्या गावची नदी आहे,
मी तसंच लिहून घेतलं होतं.
म्हटलं, तूच सांग बाबा, काय ऐकू?
त्यानं माझ्याच सुरात विचारलं,
‘किती दिवस?’

मी बाहेर पाहिलं.
फिटर खांद्यावर नवा पट्टा टाकून फाटकातून शिरत होता.
‘पंधरा मिनिटं.’
‘मग कव्वाली नको,’ तो म्हणाला,
माउस माझ्या हातातून काढून घेतला.
‘पहिलं सोडून देऊ. दुसऱ्यापासून.’

दुकानाचा नियम पुढ्यातच चिकटवलाय, लाल अक्षरात.
मी काही बोललो नाही.

आधी नुसता पत्रा बडवल्यासारखं.
मग त्या पत्र्याखालून, फार खालून,
दगडाला वळसा घालत
काहीतरी वाहायला लागलं. मी वाकलो, स्पीकरला कान लावला, आणि

मशीन सुरू झालं.

तेज पैसे ठेवून गेला.
हिरवी पट्टी सरकत होती, शेवटापर्यंत सरकू दिली.
मग वही काढून, नदीच्या पुढे, लहान अक्षरात लिहिलं:
दुसऱ्यापासून.