माझी मदत कर

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळ, गुरू, शनी, दुपारी दोन ते सहा
माझं रक्त बाहेर फिरायला जातं.
पाच खुर्च्या, एक टीव्ही, एक रिमोट.
रिमोट तीन नंबरपाशी:
सोपान कुदळे, राहणार फुरसुंगी,
शाळेची व्हॅन चालवतो. चालवायचा.

साडेचारला ‘बिऱ्हाड पावणेदोन’.
त्यातला तो बंटी खरवंडे
मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही.
डोळे मोठे केले की विनोद झाला, असं वाटतं त्याला.
साडी नेसून आला की हसायचं,
पडला की हसायचं,
पडून उठला की पुन्हा एकदा,
आणि आपण नाहीच हसलो
तर डब्यात भरून ठेवलेलं हसू
मागून ओततात.

कुदळे विनोदाच्या आधीच हसतो.
इतका, की मशीन पिकपिकतं
आणि सिस्टर लिसम्मा येऊन
त्याचा हात सरळ करून जाते.

मी छत्तीस वर्षं नारायण पेठेत प्रुफं वाचली.
ऱ्हस्वदीर्घाशी संसार केला म्हणा.
मला कसं चालावं?
ती सायुरी मोकाटे, पावणेदोनची सून,
काजळ न ओघळू देता रडते
आणि म्हणते, "प्लीज, माझी मदत कर."
मला मदत कर, गं बाई. मला!
हे मी मोठ्यानं म्हणाले असणार,
कारण कुदळे म्हणाला,
"पोचली ना पण मदत, बाई?"

मग विचारलंन, तुम्हाला कोण आवडतं?
जयवंत उमराणीकर, म्हटलं.
त्यानं नावही ऐकलं नव्हतं.
चार नंबरच्या पटवर्धनांनी
डोळे न उघडता मान डोलावली.
तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा
आणि पाठ बोलायची, एवढंच सांगितलं.

हे नाही सांगितलं, की एकदा तो
हँडबिलं न्यायला स्वतः छापखान्यात आला,
माझ्या टेबलावरचा माझा चहा
न विचारता प्यायला,
आणि एकशे सत्तर रुपये उद्या देतो म्हणाला.
तो उद्या अजून वहीत आहे.
पैसे मी भरले. मालकांना कळू दिलं नाही.
त्यानंतरही त्याचा एक प्रयोग चुकवला नाही,
तिकीट काढून.

आणि खरवंडेनं माझं काय वाईट केलंय?
काही नाही, बिचाऱ्यानं.
तरी नाही आवडत.
आवडीनिवडीला मुद्रितशोधन लागू नाही.
(हे वाक्य जरा शहाणं झालं. खोडायला हवं.)

गेल्या शनिवारपासून कुदळे रात्रीच्या पाळीत गेला.
व्हॅन पुन्हा सुरू केलीय,
दुपारची पोरं सोडायची असतात.
तीन नंबरवर आता एक मुलगी,
कानात बोंडं, मांडीवर स्वतःचा फोन.
मधेच एकटी हसते. कशाला, ते कळत नाही.

रिमोट माझ्या पांघरुणावर.
बातम्या लावल्या. कुणीतरी केक करत होतं, ते लावलं.
जुनी नाटकं कुठे लागतात का पाहिलं.
नाही लागत.

साडेचारला खरवंडे साडी नेसून आला.
पडला.
उठला.
छे.

पण तपासणीच्या चिठ्ठीमागे मी लिहून ठेवतेय:
‘म्हणाली’च्या जागी ‘बोलली’, चार वेळा.
सेटवरच्या पाटीत ‘पूणे’.
सासऱ्याचं आडनाव मंगळवारी वेगळं होतं.
‘माझी मदत’, दोनदा.
रविवारी फोन करून वाचून दाखवणार आहे कुदळेला.
तो म्हणेल, बाई, तुम्ही बघता तर!

अकरा झाल्या.
थांबा, पडताना काय म्हणाला तो?
बारा.