जिना

रुवीच्या क्लिनिकात काउंटरवरची शायनी म्हणाली,
"कंपनीच्या विम्यात बसत नाही, चेट्टा.
पंचेचाळीस रियाल."
मी मनात गुणाकार केला.
सवयच आहे, इथे पाणीसुद्धा मी रुपयांत पितो.
दापोलीला तेजूची सहामाही फी
आणि वर वहिनीचे उसने.

कशासाठी, तर पट्ट्यावर चालायचं,
जागच्या जागी,
ते चढ वाढवत नेणार.
अहो, एसीचा डक्ट खांद्यावर घेऊन
अकरा मजले चढतो मी रोज,
त्याचे मला पाच रियाल मिळतात.
कळ येते ती नवव्यावर.
फोरमनला सांगतो, गॅस आहे.

रात्री कॅम्पच्या जिन्यात
सियालकोटचा इक्राम, धंद्याने शिंपी,
माझं मनगट धरून मागोमाग चढला,
दुसऱ्या हातात मोबाइलचं घड्याळ.
तिसऱ्या मजल्यावर धाप लागली
ती त्यालाच.
आकडा विसरला.
पायरीवर बसून म्हणाला, "ठीक है.
कपडा अच्छा है, सिलाई देखनी पडेगी."

फोनवर तिला सांगितलं,
तपासणी झाली.
"किती घेतले?"
काही नाही, म्हटलं.
ओळखीतला होता.