परत केलेलं दळण

कन्नमवार नगरात आमच्या इमारतीचे मीटर
शुक्रवारी काढणार, अशी नोटीस जिन्यात लागली
तेव्हा माझ्या नावावर तीनशे बारा कामं पडून होती.

कामं म्हणजे, सांगते.
कुठल्याशा प्रयोगशाळेत प्रथिनांच्या घड्या मोजतात.
एकट्यादुकट्याचं काम नाही, म्हणून हिशेबाचे तुकडे करून
जगभर वाटतात. ज्याचा संगणक रिकामा
त्यानं थोडं दळून द्यायचं, फुकट.
लेक पुण्याला गेली, तिचा संगणक माझ्याकडे राहिला.
मी निवृत्त, तो रिकामा.
रात्रभर त्याचा पंखा घुरघुरायचा,
घरात कुणी झोपलंय असं वाटायचं.

आणि मी हावरट.
किती दिवसांचं काम भरून ठेवू, असं तो विचारतो.
मी लिहिलं दहा.
खाली आणखी एक चौकट होती, जादाचं किती?
तिथंही दहा.
नेट गेलं तर? काम संपलं तर? उपाशी बसेल बिचारा.
कोपऱ्यात गव्हाचं पोतं असलं की झोप लागते, तसलं ते.

रांग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं.
सव्वीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला काढली,
कानाला हेडफोन, समोर तिकिटांची चळत,
सांगली अर्जंट, नागपूर साधा.
शेजारच्या शेवाळेबाई चांगल्या लाइनी अडवून बसायच्या,
प्लग खोचलेला, पलीकडे चकार शब्द नाही.
"येईल ना कॉल," म्हणायच्या, आणि शेंगा सोलायच्या.
त्यांची तक्रार मीच केली होती, लेखी.

तर यादी उघडली.
एकच काम दोघांना देतात, उत्तरं जुळली तरच खरं धरतात.
माझ्या अठ्ठेचाळिसाव्या ओळीशेजारी
कुणी 'ओलुफ-तळघर'.
त्यानं नऊ तासांत दळून दिलेलं.
पुढे लिहिलं होतं, जोडीदाराची वाट पाहत आहे.
एकोणीस दिवस.
जोडीदार म्हणजे मी.

उद्या बघू म्हटलं. उद्या गुरुवार होता,
आणि माणसं गुरुवारीच आली, पकड घेऊन.

मग खोका जुन्या नऊवारीत बांधला, रिक्षा केली दीड गल्लीसाठी,
आणि कुडतरकरांच्या गिरणीत जाऊन म्हटलं,
तासभर एक प्लग द्या.
दुपारची वेळ, पट्टा थांबलेला.
त्यांनी पिठानं माखलेलं बोट बोर्डाकडे दाखवलं,
आणि मग भिंतीशी ओळीनं लावलेल्या डब्यांकडे.
"ते चार बघा, पाटणकरांचे. ठेवले आणि गावाला गेले.
बारीक की जाड, सांगितलं नाही.
माझी जागा अडली, मागच्यांना वाटतं गर्दी आहे.
नसेल जमत तर न्या की परत. मी काय रागावतोय?"

मोबाइलचं नेट जोडलं.
नवीन काम नको, हे आधी बजावलं.
दोन अर्धी झालेली होती, ती संपू दिली.
अठ्ठेचाळिसावी हातानं पुढे ओढली,
पण तिला अकरा तास लागणार होते,
आणि पाचला गिऱ्हाईक येणार.
सगळी निवडली. 'खरंच सोडायची?' यंत्रानं विचारलं.
ट्रंकच्या काळात कॉल रद्द करताना
"सॉरी हं" म्हणायची सवय होती,
ते तोंडातून गेलंच. कुडतरकर हसले.
तीनशे दहा ओळी लाल झाल्या, आणि एकेक करून
यादीतून गेल्या, दुसऱ्या कुणाच्या दारी.

आता टागोर नगरात भाड्याची खोली.
साठा अर्ध्या दिवसाचा, जादाचं शून्य.
कधी कधी रात्री काम येत नाही,
पंखा थांबतो, आणि वरच्या मजल्यावरचा खोकला ऐकू येतो.
थांबू दे.

परवा सहज पाहिलं. ओलुफचं उत्तर जुळलं,
तिसऱ्याच कुणाशी. लिमामधलं कुणीतरी, चौदा तासांत.
माझ्या नावापुढे फक्त, 'सोडून दिले.'
बराच वेळ त्या शब्दांकडे बघत बसले,
मग आठवलं, ज्वारीचा डबा गिरणीत आहे,
आणि साडेसात वाजत आले.