हातचा

रामबागेत, जिन्याखालच्या खोलीत
मी पाच-सहा पोरांची बेरीज घेते.
शाळेत त्यांना ‘हासिल’ शिकवतात,
मी ‘हातचा’ म्हणते, सवयीनं.

अठ्ठावीस अधिक चौदा.
आठ नि चार बारा.
“दोन मांड, हातचा एक.”
केयूरनं ढिगातला एक चिंचोका उचलला
आणि मूठ मिटली.
उत्तर आलं बत्तीस.

“दहा कुठं सांडले रे?”
तो गप्प.
बाहेर पोहेवाल्याशी कुणी
सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.
शिकवणी सुटली.

सकाळी तो सरळ माझ्यापाशी आला.
मूठ उघडली:
चिंचोका घामानं ओला,
तळव्यावर त्याचा चौकोनी ठसा.
“रात्री डाव्या हातानं जेवलाय,” आई दारातूनच.
“तुम्हीच म्हणालात ना, हातचा,” तो.

पंचवीस वर्षं हा शब्द
खडूच्या भुकटीसारखा झटकत आले मी,
त्यात हात आहे
हे कधी दिसलंच नाही.

पाटीवर, दशकाच्या घरात,
त्यानं चिंचोका हळूच ठेवला.
बोटांवर मोजलं. बेचाळीस.
मग तळवा चड्डीला पुसत
विचारलं,
“आता हा कुणाचा?”