टायमिंग बेल्ट

"चालते जी अजून," इद्रिसभाई म्हणतात,
बेल्ट अंगठ्यानं पिळून पाहत.
"पण हा सांगून नाही तुटत, मॅडम."

कामठी रोड. मे. शेडचा पत्रा तडतडतो.
लाल बॉनेट उघडं. सत्त्याण्णवची स्पोर्ट्स कार,
दोनच सीट, त्यातली एक
सात वर्षं कुणाच्या वजनाविना.

रेडिएटर मी विचार न करता बदलला.
होज, प्लग, क्लचसुद्धा.
बेल्ट मात्र हेमराजनं बसवलेला:
कव्हरवर पांढऱ्या पेंटनं तारीख, किलोमीटर,
त्याचा तो शेपटीवाला नऊ.

"किती चालली त्यानंतर?"
मी आकडा सांगते,
थोडा कमी करून.

इद्रिसभाई नवा बेल्ट खोक्यातून काढत नाहीत,
खोकं परतही ठेवत नाहीत.
कूलरमध्ये पाणी टाकायला जातात.