नुसती नावं

वडगावात दुपारी लाईट जाते
आणि माग एकदम गप्प होतात.
लॅपटॉप तेवढा जागा, अकरा टक्के,
सगळ्या नक्ष्यांचं भांडार त्याच्याच पोटात.
मी लिस्ट मागतो.
उतरवून काही घेत नाही, नुसती नावं :

गोमी/
चिक्की/
टोपपदर/
काठ-जुने/

पुढं तिरकी रेघ असली तर आत अजून काही आहे.
नसली तर तिथंच संपलं.

विरुपण्णाचं फोल्डर यात नाही.
त्याचा काठ विणायला वेळ खातो म्हणून शेटनी
दिवाळीआधी काढायला लावलं.
काढलं मीच.

आता आकडा घालून विचारतो :
एक्केचाळिसाव्या नोंदीला काय होतं?
आढेवेढे न घेता सांगतंय :

विरुपण्णा/

आत एकच फाईल, ‘नक्की-नाही-२’,
चार केबी,
रात्री अकरा बावन्नला ठेवलेली.

तो हल्ली इचलकरंजीत, शर्टाच्या चौकड्या घालतो.
मागं फोन केला तर म्हणाला,
‘कसली नक्षी रे. जेवलास काय?’

फाईल उघडत नाही.
लाईट येते, पहिला माग खडखडतो,
मी नाव परत एकदा वाचतो
तिरक्या रेघेसकट.