कर्तरी प्रयोग

डुलुथ, फेब्रुवारी. सरोवर असं गोठलेलं
की खनिजाची जहाजं धक्क्यालाच थिजून उभी.
चौथ्या मजल्यावरच्या बैठकीत टिपणं घ्यायला मी.
अकरा वर्षं हेच करते,
झाल्या गोष्टी कर्त्याशिवाय लिहिते.
औषध दिले गेले. प्रकृती खालावली.
घडल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो.
कुणाला, ते विचारायचं नाही.

हिल्मा रांतानं कोट काढला नाही.
पर्समधून तीन कागद काढून टेबलावर सरळ केले,
शाळेच्या खानावळीत तीस वर्षं ताटल्या मांडलेल्या हातांनी.
एक, आमचं पत्र.
दुसरं, फळांच्या टोपलीवरचं कार्ड,
त्यावर आर्वोचं नाव चुकलेलं.
आणि बिल. त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ:
पेनिसिलिन, एक मात्रा, अकरा डॉलर चाळीस सेंट.

"मनगटावर पिवळी पट्टी होती," ती म्हणाली,
"मीच बाहीचं बटण काढून ती वर घेतली होती.
दिसावी म्हणून."

वकील खाकरले. "कार्यपद्धतीत त्रुटी आढळून आली आहे..."
मी लिहू लागले, त्रुटी आढळून

तेवढ्यात डॉक्टर ओस्टबी उठला. बसला. पुन्हा उठला.
वकिलांचा हात त्याच्या बाहीवर तसाच.
"पट्टी मी पाहिली नाही.
फाइल मी उघडली नाही.
औषध मी सांगितलं.
सव्वातीनला तुम्ही विचारलंत, त्यांना खाज का सुटलीय.
मी म्हटलं, चादरीमुळे असेल."

हीटर तेवढा बोलत राहिला.

हिल्मा रडली नाही. जाऊ द्या, असंही म्हणाली नाही.
"चादर," ती म्हणाली. "हो. चादरच म्हणाला होतात.
घरचे म्हणायचे, तुला नीट आठवत नसेल."

मग विचारलं,
आज रात्री या इमारतीत पिवळ्या पट्ट्या किती?
कुणालाच ठाऊक नव्हतं.
"मोजून या. मी थांबते."

ओस्टबी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेला.
मी लिहिलेली ओळ खोडली.
टेबलावरच्या पत्राखाली सही नव्हती, शिक्का होता.
मजकूर माझा.
तिला सांगायचं होतं; वाक्याचा पहिला शब्द
एकाच अक्षराचा, आणि तोच तोंडातून निघेना.

तो धापा टाकत परतला. "सतरा.
एकाची अंघोळीच्या वेळी काढलेली, परत बांधली नव्हती.
आत्ता बांधली. मी."

तिनं बिल उलटं करून
पाठीवर आकडा लिहिला.
ते बिल अजून रद्द झालेलं नव्हतं.